बाण सुटायच्या आधी

रायपूरच्या गोल बाजारात भांडी मिळतात, कापड मिळतं, पूजेचं नि लग्नाचं सगळं सामान मिळतं. स्पर्धेचं धनुष्य तेवढं मिळत नाही. ते अमेरिकेहून नाहीतर कोरियाहून येतं आणि बाणांसकट त्याची किंमत दोन-तीन लाखांच्या घरात जाते. पण एखाद्या मुलीला तिरंदाजीचं तंत्र घोटायचं असेल, तर पहिल्या सहा महिन्यांचं सामान या बाजारात एका फेरीत जमेल. पुरुषभर उंचीचा आरसा, सायकलच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा, गवंड्याकडे असतो तसला ओळंबा, खडू आणि एक दोनशेपानी वही. सुरुवातीला लाखाच्या धनुष्यापेक्षा या किरकोळ वस्तूंचा उपयोग जास्त होतो. पालकांच्या गळी हे उतरवणं मात्र प्रशिक्षकांना जड जातं.

रायपूरचं नाव घ्यायला आणखीही एक कारण आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात छत्तीसगडात मराठी कुटुंबं आली. शहरातलं तात्यापारा ही त्यांची जुनी ओळख, आणि १९३५ पासून इथे महाराष्ट्र मंडळही आहे. या मराठी मंडळींच्या भोवतालचा सगळा मुलूख धनुष्याचा. बस्तरमध्ये तीरकामठा हा घरातल्या कोयत्या-कुऱ्हाडीइतका परिचयाचा. राज्य सरकार तिरंदाजीसाठी जो पुरस्कार देतं, तोही बस्तरचे महाराजा प्रवीरचंद्र भंजदेव यांच्या नावाचा. मार्च १९६६ मध्ये जगदलपूरच्या राजवाड्यात पोलीस गोळीबारात ते मारले गेले, तेव्हा त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या आदिवासींच्या हाती तीरकामठेच होते.

असं असून भारताचे तिरंदाजीतले वैयक्तिक जगज्जेते आले ते बस्तरमधून नव्हे, साताऱ्याच्या उसाच्या शेतातून. धनुष्याची एवढी जुनी सवय असलेल्या मुलखाला जे जमलं नाही, ते साताऱ्याला कसं जमलं? या प्रश्नाचं उत्तर शोधणं हेच या प्रकरणाचं काम.

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये जागतिक स्पर्धेच्या कंपाउंड, म्हणजे चाकं असलेल्या धनुष्याच्या प्रकारात अदिती गोपीचंद स्वामी हिने मेक्सिकोच्या अँड्रिया बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. त्याआधी उपांत्य फेरीत तिने आपल्याच ज्योती सुरेखा वेन्नमला १४५ वर रोखून स्वतः १४९ मारले होते. अदिती तेव्हा १७ वर्षांची होती. भारताच्या कुठल्याही तिरंदाजाने तोवर वरिष्ठ गटात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवलेलं नव्हतं. त्याच दिवशी थोड्या वेळाने ओजस प्रवीण देवतळे याने पोलंडच्या लुकाश प्रिझिबिल्स्कीविरुद्ध पंधरापैकी पंधरा बाण दहात घातले आणि सामना १५०-१४९ असा जिंकला. ओजस नागपूरचा. शिकायला मात्र तो साताऱ्याला येऊन राहिला होता, कारण अदितीचे प्रशिक्षक प्रवीण सावंत तिथे होते. सावंत पोलीस दलातले. त्यांची दृष्टी आर्चरी अकादमी उसाच्या फडांच्या मधोमध, जेमतेम सोयींत उभी राहिली. अदितीचे वडील शिक्षक, आई ग्रामसेविका. मुलीला सराव करता यावा म्हणून हे कुटुंब शेरेवाडीहून साताऱ्यात राहायला आलं, आणि धनुष्यासाठी वडिलांनी कर्ज काढलं.

वृत्तपत्रांनी कर्ज, शेत, आईवडिलांचा त्याग हे सगळं भरभरून छापलं. छापायलाच हवं होतं. पण कर्ज काढणारे वडील महाराष्ट्रात काही कमी नाहीत. सावंतांच्या मैदानावर रोज नेमकं काय चालत असेल हा प्रश्न त्या बातम्यांमध्ये सहसा दोन ओळींत उरकला जायचा, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी थोडं गणित. ऑलिंपिकमध्ये आजवर दिसणारा प्रकार रिकर्व्हचा, म्हणजे बिनचाकांच्या धनुष्याचा. त्यात ७० मीटरवर १२२ सेंटिमीटर व्यासाचा लक्ष्यफलक असतो आणि त्यातलं दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं. कंपाउंडमध्ये अंतर ५० मीटर, पण दहाचं वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटरचं. रिकर्व्हमध्ये तिरंदाजाच्या डोळ्यासमोरची दोरी आणि धनुष्यावरची नेम धरायची साइट यांत साधारण हातभर, म्हणजे ८५-९० सेंटिमीटर अंतर असतं. दहाच्या मध्यापासून त्याच्या कडेपर्यंतचे ६.१ सेंटिमीटर ७० मीटरवरून उलट मोजत या हातभर अंतरात आणले, की हाती येते पाऊण मिलिमीटर. साइट पाऊण मिलिमीटर हलली की दहाचा नऊ. दोरीवरून सुटताना बाण धनुष्याच्या संगतीत असतो तो सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग, आणि एवढ्या वेळात काही सुधारणं माणसाच्या मज्जासंस्थेला शक्य नाही. डोळ्याला चूक दिसून हाताने दुरुस्त करेपर्यंत बाण केव्हाच सुटलेला असतो.

म्हणून बाण कुठे लागला याला प्रशिक्षकाच्या लेखी फारसं महत्त्व नाही. तो लागण्याआधी शरीर कुठे होतं, हे त्याला पाहायचं असतं. शिकणाऱ्याला नेमकं तेच दिसत नाही. त्याची नजर समोर खिळलेली, मान वळलेली, आणि चुका होत असतात पाठीमागे.

सरावाच्या मैदानावर प्रशिक्षक कुठे उभा राहतो हे पाहिलं तरी बरंच कळतं. नवखा प्रशिक्षक लक्ष्याकडे बघत उभा असतो. मुरलेला माणूस आधी तिरंदाजाच्या छातीसमोर येतो, मग पाठीमागे बाणाच्या रेषेत जातो, आणि अधूनमधून स्टुलावर चढून वरून बघतो. ताणलेल्या हाताचं कोपर बाणाच्या रेषेत आलंय की बाहेरच राहिलंय, हे फक्त वरूनच नीट दिसतं. कोपर बाहेर राहिलं म्हणजे दोरी पाठीने ओढलेली नाही, दंडाने ओढलेली आहे. दंडाचे स्नायू लवकर थकतात. पहिले तीस बाण छान जातात आणि पुढच्या चाळिसांत हात थरथरू लागतो. पात्रता फेरी ७२ बाणांची असते. अदितीने २०२३ च्या जूनमध्ये कोलंबियातल्या मेडेयीनला ७२ बाणांत ७२० पैकी ७११ गुण घेतले आणि १८ वर्षांखालच्या गटातला जागतिक विक्रम केला. बहात्तर बाणांत गेले फक्त नऊ गुण. दंडाच्या जोरावर हे होत नाही.

पाठीने ओढणं म्हणजे काय, हे सांगून समजत नाही. सायकलची ट्यूब इथे कामी येते. मुलाने ट्यूबचं एक टोक धनुष्याच्या हातात धरायचं, दुसरं दोरीच्या बोटांत घ्यायचं आणि आरशासमोर उभं राहून हनुवटीपर्यंत ओढायचं. प्रशिक्षक मागून त्याच्या दोन खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध बोट टेकवतो आणि म्हणतो, ‘माझं बोट पात्यांत धर.’ पहिले काही दिवस मुलं खांदे कानापर्यंत उचलतात, छाती फुगवतात, मागे रेलतात. मग कधीतरी एखाद्या ओढीत पाती खरोखर सरकते, बोट चिमटीत सापडतं आणि मूल चमकून मागे बघतं. या क्षणानंतर त्याला शब्दांची फार गरज पडत नाही. रेलण्यावर इलाज ओळंब्याचा. भिंतीवर ओळंबा सोडून त्याच्यासमोर उभं केलं की पाठीचा कणा किती कलतोय हे त्याचं त्यालाच दिसतं. खडू पावलांसाठी. दोन्ही पावलांभोवती रेघ मारायची आणि प्रत्येक बाणाला त्याच रेघेत उभं राहायचं. पाऊल दोन बोटं सरकलं तर कंबर वळते, कंबर वळली की खांदा वळतो, आणि मग साइटवर दोष ढकलला जातो.

चुकीची दुसरी जागा धनुष्य धरणाऱ्या तळव्याची. नवशिका धनुष्य लाठी धरावी तसं मुठीत आवळतो. खरं तर ते धरायचंच नसतं. हाताची जी रेघ ज्योतिषी आयुष्यरेषा म्हणून दाखवतो, तिच्या आणि अंगठ्याच्या मधे जो मांसल उंचवटा आहे, फक्त त्यावर धनुष्य टेकू द्यायचं. बोटांची पेरं तिरकी, साधारण पंचेचाळीस अंशांत, बोटं सैल. रेघेच्या पलीकडे, करंगळीच्या बाजूला दाब गेला की धनुष्याला पीळ बसतो. बाण सुटल्यावर धनुष्य पुढे उडी घेतं. ते पडू नये म्हणून बोटांत एक छोटी दोरी अडकवलेली असते, तिला स्लिंग म्हणतात. चांगल्या तिरंदाजाचं धनुष्य बाण सुटल्यावर त्या स्लिंगमध्ये लोंबकळून पुढे झुकतं, ते दिसायलाही सुंदर असतं. मुलं टीव्हीवर पाहून ही झुकण्याची नक्कल करतात, मनगट मुद्दाम खाली झटकतात. बाण गेल्यानंतरचा तो नाच असतो, त्याने काहीच साधत नाही. प्रशिक्षक तळव्यावर खडू लावून पकड तपासतो. धनुष्याच्या मुठीवर पांढरा ठसा कुठे उमटला ते पाहायचं, वाद घालायला जागा उरत नाही.

रिकर्व्हमध्ये बाणाच्या टोकाशी एक पातळ पत्र्याची पट्टी असते, क्लिकर. बाण पूर्ण मागे आला की तो पट्टीखालून निसटतो, टिक् असा आवाज होतो आणि त्या आवाजावर दोरी सोडायची. प्रत्येक वेळी दोरी अगदी तेवढीच ओढली जावी एवढ्यासाठी ही सोय. पण सगळ्यांत अवघड आजार इथेच जडतो. आवाज आता येणार, आता येणार या धास्तीत बोटं आधीच उघडतात. नाहीतर साइट मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या खाली अडकून बसते, वर न्यावी म्हटली तरी जात नाही. कंपाउंडमध्ये दोरी बोटांनी न सोडता रिलीज नावाच्या यंत्राने सोडतात. तिथे हाच आजार बटण दचकून दाबण्याच्या रूपात दिसतो. साऱ्या जगातले तिरंदाज याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि मराठी मुलंही तेच म्हणतात. चांगल्या चांगल्यांची कारकीर्द याने संपली आहे. यात बुद्धीला सगळं माहीत असतं, हात ऐकत नाही.

याच्यावर एकच बरा उपाय सापडला आहे, आणि तो प्रशिक्षकाशिवाय करणं फार कठीण आहे. लक्ष्याचा कागदच काढून टाकायचा. तीन-चार मीटरवर नुसती गंजी किंवा फोमची भिंत, तिच्यावर काहीही रंगवलेलं नाही. डोळे मिटून ओढायचं, पाती सरकू द्यायची, सोडायचं. असे शेकडो बाण. दुसरीकडे कागद लावायचा, नेम धरायचा, पण बाण सोडायचा नाही. पूर्ण ओढून, साइट मध्यावर आणून, परत खाली उतरवायचं. प्रशिक्षक मागे उभा राहून कधी ‘जाऊ दे’ म्हणेल, कधी ‘खाली घे’. शिकणाऱ्याला आधी माहीत नसतं. नेम आणि सोडणं यांची जी गाठ मेंदूत बसली आहे, ती अशी सुटते. पोराला याचा विलक्षण कंटाळा येतो. मैदानावरचा एरवीचा संवाद साधारण असा असतो:

‘सर, नऊ लागला.’

‘नऊ दिसला मला. कोपर कुठे होतं?’

‘माहीत नाही, सर.’

‘मग तो बाण वहीत लिहू नकोस.’

बाण ओढल्यावर काहीतरी चुकतंय असं वाटलं तरी सोडून देण्याचा मोह प्रत्येकाला होतो. एवढं ओढलंय तर जाऊ दे. वहीत दहा, नऊ, आठ यांच्याबरोबर एक रकाना उतरवलेल्या बाणांचाही असतो, आणि जाणते प्रशिक्षक आधी तो वाचतात. कोरियाचे प्रशिक्षक की सिक ली यांनी या सगळ्याला शिस्त दिली. ऑस्ट्रेलियाच्या सायमन फेअरवेदरला त्यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवून दिलं आणि २००६ मध्ये ते अमेरिकेच्या संघाकडे गेले. बाण सोडायच्या क्रियेचे त्यांनी उभं राहण्यापासून सोडल्यानंतरच्या स्तब्धतेपर्यंत टप्पे पाडले आणि बाण न सोडता नुसतं ताणून धरण्याचे व्यायाम ठरवून दिले. त्यांच्यावर टीकाही खूप झाली: शरीरयष्टी सगळ्यांची सारखी नसते, मग एकच साचा कसा लावायचा? टीका बिनबुडाची नाही. पण टप्प्यांचं नाव ठाऊक असलं की चूक कुठल्या टप्प्यात आहे हे बोलता तरी येतं.

आता प्रशिक्षकाने किती बोलावं, याबद्दल. आपल्याकडे बोलणारा प्रशिक्षक मेहनती समजला जातो. बाणागणिक सूचना देणाऱ्या सरांवर पालक खूश असतात, फी वसूल होतेय असं वाटतं. पण १९९० मध्ये कॅरोली विन्स्टीन आणि रिचर्ड श्मिट या संशोधकांनी हाताची एक ठरावीक हालचाल लोकांना शिकवून पाहिली. एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर चूक सांगितली, दुसऱ्याला निम्म्याच प्रयत्नांनंतर. नंतर कोणीही काही न सांगता परीक्षा घेतली तेव्हा दुसरा गट सरस निघाला. प्रत्येक वेळी उत्तर मिळत गेलं की माणूस स्वतःची चूक स्वतः ओळखायचं सोडून देतो. तिरंदाजाला तर स्पर्धेत कोणीच सांगणार नसतं. सामन्यात प्रशिक्षक मागे उभा असतो, दुर्बिणीतून बघून ‘नऊ, दोन वाजता’ असं घड्याळाच्या भाषेत सांगतो आणि गप्प बसतो. वीस सेकंदांत पुढचा बाण जायचा असतो. तेवढ्यात खांद्याची पाती समजावून सांगता येत नाही.

दुसरा शोध गॅब्रिएल वुल्फ यांचा, १९९८ पासूनचा. हालचाल करताना लक्ष स्वतःच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलं तर ती चांगली होते, असं त्यांच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं. हे वर सांगितलेल्या ‘लक्ष्य विसर, शरीर बघ’ याच्या अगदी उलट वाटेल. माझ्या मते दोन्ही खरं आहे आणि भांडण वेळेचं आहे. घडताना पाती, कोपर, तळवा यांचा विचार करावाच लागतो. त्याला दोन-तीन वर्षं लागतात. एकदा घडलं की तो विचार आड येऊ लागतो. तेव्हा प्रशिक्षकाला आपणच शिकवलेलं विसरायला शिकवावं लागतं. कंपाउंडच्या मुलांना सांगतात की साइटचा ठिपका वर्तुळात तरंगू दे, त्याला बांधून ठेवायला जाऊ नकोस, मधल्या पिवळ्याकडे बघत राहा.

इथे अर्जुन आल्याशिवाय राहत नाही. प्रत्येक शाळेच्या भाषणात तो येतो, त्याला फक्त पक्ष्याचा डोळा दिसतो, आणि मुलांना एकाग्रतेचा उपदेश होतो. मूळ आदिपर्वात डोळा नाही, पक्ष्याचं डोकं आहे, ते असो. पण द्रोणांनी ही गोष्ट शिकवताना विचारली नव्हती, शिकवून झाल्यावर विचारली होती. ती परीक्षा होती. त्याआधी रात्रीच्या काळोखात सराव करणारा अर्जुनही आदिपर्वातच आहे: अंधारात जेवताना हात बरोबर तोंडाशी जातो हे पाहून तो अंधारात बाण सोडायला लागतो. लक्ष्य न बघता, केवळ शरीराच्या सवयीवर. आजच्या भाषेत कागद काढलेल्या भिंतीसमोरचा सराव. भाषणात हा अर्जुन कोणी घेत नाही, आणि मुलं पहिल्या आठवड्यातच डोळा शोधू लागतात. जोन व्हिकर्स यांनी बास्केटबॉलपटूंच्या नजरेचा अभ्यास करून १९९६ मध्ये दाखवलं की कसलेल्या खेळाडूची नजर चेंडू सोडण्याआधी एका जागी जास्त वेळ स्थिर राहते. पक्ष्याचं डोकं तेवढंच दिसणं खोटं नाही. ते शेवटी येतं.

आता बस्तरचा प्रश्न. शिकारीचं धनुष्य आणि स्पर्धेचं धनुष्य यांची मागणी वेगळी. शिकारी जवळून मारतो, उतारावर उभा राहून मारतो, सावज हलतं असताना मारतो. एकच बाण, आणि तो झटकन. त्याच्या अंगात अंतराचा अंदाज आणि धीर मुरलेला असतो. स्पर्धेत सपाट मैदान, ठरलेलं अंतर, न हलणारं लक्ष्य, आणि तीच एक क्रिया बहात्तर वेळा जशीच्या तशी. जुन्या कौशल्याचा एक भाग उपयोगी पडतो, एक भाग मोडून काढावा लागतो, आणि मोडून काढणं नव्याने शिकवण्यापेक्षा कठीण असतं. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने ऐंशीच्या दशकात आदिवासी भागांत मुलं शोधली, तेव्हा उदयपूर जिल्ह्यातल्या सरादित गावचा लिंबाराम त्यांच्या हाती लागला. १९८७ मध्ये तो निवडला गेला, पुढच्याच वर्षी सोल ऑलिंपिकला गेला, आणि १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धेत त्याने जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. निवडीपासून विक्रमापर्यंतची ती पाच वर्षं आर. एस. सोधींसारख्या प्रशिक्षकांच्या हाताखाली गेली. जंगलाने नजर दिली असेल. पण बहात्तराव्या बाणाची सवय प्रशिक्षकाच्या हाताखालीच लागते.

छत्तीसगडातही हे काम सुरू झालेलं आहे. बिलासपूर जिल्ह्यात अचानकमारच्या जंगलाला लागून शिवतराई नावाचं गाव आहे. तिथे इतवारी राज यांनी गावातल्या मुलांना शिकवायला घेतलं आणि ते गाव तिरंदाजांचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. साताऱ्याशी साम्य लक्षात येण्याजोगं आहे: दोन्हीकडे आधी एक माणूस रोज मैदानावर येऊ लागला, इमारत आणि सोयी मागाहून. बुलढाण्याचंही तेच. तिथल्या चंद्रकांत इलग यांच्याकडे शिकलेला प्रथमेश जावकर मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात उतरला आणि अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला, म्हणजे त्या काळच्या जवळपास अजिंक्य माणसाला, १४९-१४८ ने हरवून आला. फलटणजवळच्या सरडे गावच्या प्रवीण जाधवला आधी शाळेतल्या शिक्षकाने धावायला लावलं, मग क्रीडा प्रबोधिनीने धनुष्य हाती दिलं. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत तो अतनू दास आणि तरुणदीप राय यांच्याबरोबर रौप्यपदक जिंकणाऱ्या संघात होता, आणि त्याच स्पर्धेतून भारताला टोकियो ऑलिंपिकची सांघिक जागा मिळाली.

पालकांसाठी थोडं. बहुतेक दुखापती आणि बहुतेक वाईट सवयी जड धनुष्यातून येतात. नवशिक्या मुलाला १६ ते २० पौंडांचा ताण पुरे होतो. अव्वल पुरुष रिकर्व्हपटू ४८-५० पौंड ओढतात, ते वर्षानुवर्षं वाढवत नेलेले असतात. कंपाउंडला स्पर्धेत ६० पौंडांची मर्यादा आहे, पण त्यातली चाकं ताणाच्या शेवटी बराचसा भार स्वतःवर घेतात आणि तिरंदाजाला धरून ठेवावा लागतो तो त्याचा लहानसा हिस्सा. म्हणून कंपाउंड सोपं, असा गैरसमज आहे; तिथे दहाचं वर्तुळच लहान आहे आणि एक नऊ सामना घालवतो. सुरुवात बांबूच्या भारतीय धनुष्यावर झाली तर उत्तम. ते काही हजारांत येतं, इंडियन राउंड म्हणून त्याच्या स्पर्धाही होतात, आणि त्याच्यावर न साइट असते न क्लिकर, त्यामुळे शरीराची चूक लपत नाही. पहिल्याच महिन्यात पन्नास मीटरवर उभं करणारा, किंवा मोठ्या भावाचं धनुष्य धाकट्याच्या हाती देणारा प्रशिक्षक टाळावा. मोबाइल मात्र मुक्त हस्ते वापरावा. आता साध्या फोनमध्येही संथगती चित्रण होतं, आणि सोडताना बोटं गालापासून बाहेर झटकली की सरळ मागे गेली, हे पूर्वी फक्त प्रशिक्षकाला दिसायचं ते आता मुलालाही दिसतं. दोघांनी मिळून पाहावं. मुलाने एकट्याने पाहिलं की तो स्वतःची कौतुकं बघत बसतो.

गोंगाटाचीही तालीम लागते. कोरियाचे तिरंदाज बेसबॉलच्या भरलेल्या स्टेडियममध्ये सराव करतात, टोकियोसाठी त्यांनी ऑलिंपिकच्या मैदानाची प्रतिकृतीच जिंचनच्या केंद्रात उभारली होती. आपल्याकडे यासाठी खर्च करायची गरज नाही. दिवाळीच्या आठवड्यातल्या गोल बाजाराचा आवाज रेकॉर्ड करून मैदानावर लावला तरी कोरियन स्टेडियम फिकं पडेल.

कंपाउंडला आजवर ऑलिंपिकमध्ये जागा नव्हती. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याचा मिश्र सांघिक प्रकार येतो आहे. यात एक मुलगी, एक मुलगा. दोघांनी मिळून एका फेरीत चार बाण आणि त्यासाठी ८० सेकंद. अशा चार फेऱ्या, एकूण सोळा बाण, १६० गुण. एकाने बाण मारून रेषेमागे यायचं, मग दुसऱ्याने पुढे जायचं. पहिल्याने उतरवलेला बाण पुन्हा ओढला तर दुसऱ्याच्या वाट्याची सेकंदं जातात, म्हणून एकट्याच्या सरावात लावलेली उतरवण्याची सवय इथे नव्याने मोजून लावावी लागते. मागे उभ्या प्रशिक्षकाच्या हातात दुर्बीण असते, घड्याळ समोर दिसत असतं, आणि तो सेकंद मोजत असतो. वारा फिरला तर ‘अर्धा डावीकडे’ एवढं म्हणतो.